शेतावरचे वन्यजीव आणि शासनाचे साहाय्य : सल्ला कोठे व कसा घ्यावा?



नाचणी निसवली, भात पोटरीत आले, की जावळी तालुक्यातल्या डोंगराकडेच्या गावांची झोप उडते. माळ्यावर शेकोटी पेटते, पत्र्याचे डबे वाजतात. तरीही पहाटे जाऊन पाहावे तर अर्धे वावर रानडुकरांनी उकरलेले असते. असे दोन-तीन हंगाम गेले की माणूस कंटाळतो आणि डोंगराच्या कडेचे वावर पडीक टाकतो. पडीक वावरात घाणेरी माजते, घाणेरीत डुकरे थारा धरतात, आणि पुढच्या वर्षी तीच डुकरे शेजाऱ्याच्या शेतात उतरतात.

दुसरी बाजूही आपल्या पाहण्यातली आहे. ज्या बांधावर उंबर, करंज, जांभूळ उभे आहे, तेथे कोतवाल आणि पिंगळा बसतो. हरभऱ्यातील घाटेअळी आणि भाताच्या बांधातील उंदीर यांचा बंदोबस्त ही पाखरे फुकट करतात. तेव्हा शेतावरचे वन्यजीव म्हटले की नुकसान आणि उपयोग, दोन्ही एकाच वहीत मांडावे लागतात.

मेढा परिसरातील शेतकरी मेळाव्यांत एक प्रश्न हमखास निघतो : 'शेतावर झाडे-पाखरे राखली किंवा जनावरांनी पीक खाल्ले, तर सरकार काही देते काय? आणि ते विचारायचे कोणाला?' या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्यासाठी हा लेख आहे.

आपला परिसर

जावळी तालुक्याच्या पश्चिमेस शिवसागर जलाशय आणि कोयना अभयारण्य आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. पुढे २०१० साली कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी या चार स्थळांचा समावेश आहे. म्हणजे मेढ्याच्या शेतकऱ्याचे शेत आणि जगाने मान्य केलेले जंगल यांच्यात काही ठिकाणी एका ओढ्याचेच अंतर आहे.

जनावराला हद्द कळत नाही. गवा, रानडुक्कर, भेकर, सांबर, माकड, मोर, बिबट्या यांचा वावर अभयारण्याबाहेरच्या मालकी क्षेत्रातही असतो. त्यामुळे संवर्धनाचा बराचसा भार प्रत्यक्षात डोंगराकडेचा शेतकरीच उचलतो. तो भार हलका करण्यासाठी शासनाच्या काही योजना आहेत. मात्र त्या एका ठिकाणी मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे.

एक योजना नाही, अनेक दारे

इंग्लंडमध्ये १९९१ साली एक योजना सुरू झाली. शेताच्या कडेची झुडपी कुंपणे राखणे, बांधालगत गवताचा पट्टा सोडणे अशा कामांसाठी शेतकऱ्याशी करार करून दरवर्षी ठरावीक रक्कम देण्यात येऊ लागली. तेथेही अर्ज समजून घेणे शेतकऱ्याला सोपे नव्हते. शेतावर येऊन वन्यजीव व शेती यांचा मेळ सांगणारे सल्ला मंडळ मात्र तेथे १९६९ पासूनच काम करीत होते, त्याचा उपयोग झाला.

आपल्याकडे 'शेतावर वन्यजीव राखा आणि अनुदान घ्या' अशी एकच योजना नाही. त्याऐवजी चार प्रकारचे साहाय्य वेगवेगळ्या खात्यांकडे विखुरलेले आहे :

१) नुकसान झाल्यावर मिळणारी भरपाई (वन विभाग, पीक विमा).
२) नुकसान होऊ नये म्हणून मिळणारे साहाय्य, उदा. सौर कुंपण (वन विभाग, गावाच्या समितीमार्फत).
३) झाडे, फळबाग, शेततळे, मधमाश्या यांसाठीचे अनुदान (कृषि विभाग, सामाजिक वनीकरण, खादी व ग्रामोद्योग मंडळ).
४) गावाच्या सामाईक जमिनीचे, देवराईचे रक्षण (ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती, संयुक्त वन व्यवस्थापन समिती).

आपली गरज या चारांपैकी कोणती, हे आधी घरी बसून ठरवावे. 'काही योजना आहे का?' असे विचारले तर 'सध्या नाही' असे उत्तर मिळते. 'माझ्या गट नंबरात नाचणी आहे, डुक्कर येते, कुंपणाला साहाय्य हवे' असे विचारले तर कर्मचाऱ्यालाही उत्तर देणे सोपे जाते.

सल्ला कोणाला विचारावा?

पहिला प्रश्न हद्दीचा. तालुक्यात वन विभागाच्या दोन यंत्रणा आहेत. मेढा वनपरिक्षेत्र हे सातारा वन विभागाच्या म्हणजे प्रादेशिक यंत्रणेच्या ताब्यात आहे. बामणोलीकडील भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या म्हणजे वन्यजीव यंत्रणेकडे येतो. आपले गाव कोणाकडे, आपल्या बीटाचा वनरक्षक कोण आणि वनपाल कोण, हे नुकसान होण्याआधीच विचारून वहीत लिहून ठेवावे. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो परत येईपर्यंत मुदत संपून जाते.

त्यानंतरची ठिकाणे अशी :

— वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी : पीक व पशुधन नुकसान, सौर कुंपण, झाडतोडीची परवानगी, जखमी प्राणी. रात्री-अपरात्री वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते.

— कृषि सहायक व तालुका कृषि अधिकारी : फळबाग, शेततळे, पीक विमा, पीक नुकसानीची पाहणी.

— पशुवैद्यकीय दवाखाना : जनावर मारले किंवा जखमी झाले तर दाखला, लसीकरण.

— ग्रामपंचायत व तलाठी : सातबारा, आठ-अ, जैवविविधता समिती, रोजगार हमीचा गाव आराखडा.

— कृषि विज्ञान केंद्र, बोरगाव : विद्यापीठाच्या या केंद्रात पीक पद्धती, पक्षीथांबे, उंदीर नियंत्रण, मधमाशीपालन याबद्दल तांत्रिक सल्ला मिळतो. केंद्र अनुदान देत नाही. परंतु कोणती झाडे लावावीत, कोणते पीक कडेला घ्यावे हे येथे विचारून मग अर्ज केल्यास पैसा योग्य कामी लागतो.

सल्ला विचारायला जाताना सातबारा, आठ-अ, गावनकाशावर खूण केलेले आपले शेत, आधार, बँक पासबुक आणि शेतकरी ओळख क्रमांक सोबत ठेवावा. हा ओळख क्रमांक एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषि योजनांसाठी आवश्यक करण्यात आला आहे. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र आधीच करून ठेवावे. आपल्या डोंगरी भागात भाऊबंद मुंबईला असतात. गणपतीला गावी आले की सह्या घेऊन टाकाव्यात.

पीक खाल्ले : पहिले तीन दिवस महत्त्वाचे

वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीस शासन निर्णयानुसार भरपाई मिळते. रानडुक्कर, रानगवा, हरीणवर्गीय प्राणी, माकड इत्यादी प्राणी त्यात येतात. रकमेचे दर व कमाल मर्यादा शासन वेळोवेळी सुधारते, म्हणून वनपाल कार्यालयातून चालू निर्णयाची प्रत पाहून घ्यावी. पाच वर्षांपूर्वी शेजाऱ्याला काय मिळाले यावर हिशेब करू नये.

समजा, केळघर खोऱ्यातील एका शेतकऱ्याच्या नाचणीत सोमवारी रात्री गवे शिरले. मंगळवारी त्याने उरलेले पीक सावरले, बुधवारी पाऊस झाला, गुरुवारी बाजार होता, आणि शुक्रवारी तो मेढ्याला गेला. नुकसान खरे आहे, शेतकरी खरा आहे. पण मुदत गेलेली आहे. पायाचे ठसे पावसाने धुतले, मोडलेली ताटे गुरांना घातली. आता पाहणी करणाऱ्याने काय पाहावे? असे होऊ नये म्हणून पुढील क्रम पाळावा :

१) नुकसान दिसताच त्याच दिवशी, आणि काही झाले तरी तीन दिवसांच्या आत, वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी. तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख व सही घ्यावी. तोंडी सांगितलेले तारखेच्या कामाला येत नाही.

२) पाहणी होईपर्यंत मोडलेले पीक, ठसे, विष्ठा, उकरलेली जागा तशीच ठेवावी. भ्रमणध्वनीवर फोटो घ्यावेत. एक जवळून, एक संपूर्ण वावर दिसेल असा, आणि एक बांधाची खूण दिसेल असा.

३) पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे. वन, कृषि आणि गाव या तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी पाहणीत असावेत, असा आग्रह नम्रपणे धरावा. क्षेत्र किती गुंठे, पीक कोणत्या अवस्थेत, किती भाग गेला, हे आपल्यासमोर लिहिले जाते. वाचून मगच सही करावी.

४) सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. ती शेतकऱ्याने स्वतः करायची असते. सातबाऱ्यावर 'गवत पड' आणि प्रत्यक्षात नाचणी, अशी स्थिती असेल तर प्रकरण अडते. डोंगराकडेच्या लहान लहान तुकड्यांची नोंद आपण टाळतो, आणि नुकसान नेमके तेथेच होते.

५) वनजमिनीवरील अतिक्रमणातल्या पिकाला ही भरपाई मिळत नाही. वन्यजीव कायद्याखाली शिक्षा झालेल्या व्यक्तीलाही ती मिळत नाही. म्हणून फासे लावण्याचा विचारही करू नये.

ही भरपाई महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवांमध्ये येते. म्हणजे ठरलेल्या मुदतीत निर्णय मिळणे हा आपला हक्क आहे. विलंब झाल्यास त्याच कायद्याखाली वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. 'आपले सरकार' पोर्टलवरून अर्ज केल्यास क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा.

पीक विम्याबाबतही एक बदल लक्षात घ्यावा. वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक जोखीम म्हणून घेण्याचा निर्णय केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला असून खरीप २०२६ पासून त्याची अंमलबजावणी ठरविण्यात आली. कोणते प्राणी व कोणते तालुके त्यात येतील हे राज्याने अधिसूचित करावयाचे आहे. नुकसानीची सूचना ७२ तासांत फोटोसह द्यावी लागते. आपला तालुका व आपले पीक यादीत आहे का, हे विमा हप्ता भरण्याआधी कृषि सहायकाकडे विचारावे.

गाय, वासरू, शेळी मारली तर

बिबट्याने जनावर मारल्यास ४८ तासांच्या आत वन विभागास कळवावे. तोवर मेलेले जनावर जागेवरून हलवू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि वन कर्मचाऱ्यांचा पंचनामा, दोन्ही लागतात. रागाच्या भरात मढ्यावर विष टाकणे हा गंभीर गुन्हा आहे. त्याने बिबट्या मरतोच, शिवाय गावातील कुत्री, घारी, गिधाडेही मरतात. आणि भरपाईही हातची जाते.

गिधाडांचा विषय निघाला म्हणून एक सूचना. जनावरांच्या दुखण्यावर पूर्वी डायक्लोफिनॅक हे औषध सर्रास टोचले जाई. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत. म्हणून २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पुढे २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी घालण्यात आली. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. डॉक्टरांना तेच देण्यास सांगावे. यासाठी अनुदान लागत नाही, आणि संवर्धन मात्र मोठे होते.

गोठ्याला रात्री मजबूत दार, वर जाळी, आणि शेळ्यांना अंधार पडण्यापूर्वी आत घेणे, हा बिबट्यापासूनचा सर्वांत स्वस्त बंदोबस्त आहे.

कुंपण : कोणते घ्यावे, कसे राखावे

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ साली सुरू झाली. व्याघ्र प्रकल्प, अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांच्या लगतच्या गावांसाठी ती आखलेली आहे. या योजनेतून शेतकऱ्यास सौर ऊर्जा कुंपण घेण्यासाठी किमतीच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती रक्कम साहाय्य म्हणून ठरविण्यात आली. उरलेला वाटा शेतकऱ्याचा. दर बदललेले असू शकतात, म्हणून अर्जाआधी विचारावे. अर्ज गावाच्या परिस्थितिकीय विकास समितीमार्फत किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत जातो. आपल्या गावात ही समिती नाममात्र असेल तर आधी ग्रामसभेत तिला जागे करावे लागेल.

सौर कुंपणात तारेतून थांबून थांबून क्षणभराचा झटका येतो. जनावर दचकते, मरत नाही. याउलट घरातील किंवा मोटारीची वीज थेट तारेत सोडणे प्राणघातक आहे व बेकायदेशीरही आहे. अशा तारेने डुकरापेक्षा आपलीच माणसे व बैल दगावण्याचा धोका अधिक असतो.

कुंपण घेतल्यावर पुढील गोष्टी पाळाव्यात :

— डुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर असावी; गव्यासाठी वरच्या तारा लागतात.

— पावसाळ्यात गवत तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर गवत झपाट्याने वाढते, म्हणून दर पंधरवड्याला तारेखाली कापणी करावी. बंद पडलेल्या कुंपणांत याच कारणाने बंद पडलेली पुष्कळ असतात.

— बॅटरी व पॅनेल पीक निघाल्यावर घरी आणून ठेवावे.

— शक्यतो चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून सलग कुंपण करावे. एकट्याने कुंपण केले की जनावर शेजाऱ्याकडे वळते आणि गावात तंटा होतो. सलग केल्यास तारही कमी लागते. मात्र ओढ्याकाठची जनावरांची पाण्याची वाट मोकळी सोडावी. ती बंद केली तर गवा कुंपण मोडूनच जातो.

ज्यांना सौर कुंपण परवडत नाही त्यांनी पीक रचनेचा उपयोग करावा. भुईमुगाभोवती करडईच्या दाट काटेरी ओळी, मक्याभोवती एरंडाच्या तीन-चार ओळी घेतल्यास डुकरांचा शिरकाव कमी होतो. बांधावर करवंद व निरगुडी यांचे जिवंत कुंपण तीन-चार वर्षांत धरते. निरगुडी गुरे खात नाहीत, आणि करवंदाला पाखरेही येतात व बाजारही आहे.

बांध, फळझाडे आणि पाणी

शेतावर पाखरे व उपयुक्त प्राणी राखण्यासाठी लागणारी कामे बहुतेक इतर योजनांत बसतात. फक्त तशी मांडणी करावी लागते.

फळझाडे : भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना राज्याने २०१८ साली सुरू केली. आंबा, फणस, जांभूळ, कोकम, आवळा, चिंच, सीताफळ ही आपल्या डोंगरउताराला मानवणारी झाडे तीत आहेत. अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळते व झाडे जगण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. रोजगार हमीतून फळबाग, वृक्षलागवड व बांबू यांची कामे होतात. परंतु त्या कायद्याच्या रचनेत अलीकडे बदल झाल्याने चालू नियम ग्रामपंचायतीत विचारून घ्यावेत. एकाच क्षेत्रावर एकाच कामासाठी दोन योजनांतून अनुदान घेता येत नाही.

बांधावरची झाडे : सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून सवलतीत रोपे मिळतात. उंबर, करंज, हिरडा, पळस, काटेसावर, बहावा अशी स्थानिक झाडे निवडावीत. निलगिरीवर पाखरांना खाण्यासारखे फारसे काही मिळत नाही. झाड लावण्याआधी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याची माहिती घ्यावी. अनुसूचित झाड पुढे तोडायचे झाल्यास परवानगी लागते. तोडायचे नाही ते झाड हद्दीवर लावावे, तोडायचे ते आत लावावे; म्हणजे नातवाला कटकट राहत नाही.

शेततळे : वैयक्तिक शेततळ्याचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करतात. शेततळ्याच्या प्लॅस्टिक अस्तरावरून घसरून लहान प्राणी बुडतात. एका बाजूला दोर विणून किंवा गोणपाट बांधून उतार ठेवावा. कडेला चार बादल्या पाण्याचे उथळ डबके ठेवले तर उन्हाळ्यात पाखरे व मधमाश्या तेथे येतात.

पक्षीथांबे : हरभऱ्यात एकरी २० ते २५ पक्षीथांबे लावावेत. त्यासाठी टी आकाराच्या काठ्या पुरतात. कोतवाल, साळुंकी त्यावर बसून अळ्या टिपतात. भात कापणीनंतर काही थांबे तसेच ठेवल्यास रात्री घुबड बसते. घुबडाची एक जोडी व तिची पिले वर्षभरात शेकडो उंदीर खातात. म्हणून घुबडाला अपशकुनी मानून हाकलू नये. धामणीलाही मारू नये; ती बिनविषारी असून उंदरांची वैरी आहे. या कामांना अनुदान नाही, पण खर्चही नाही.

मधमाश्या : आपल्या भागाची जुनी विद्या

महाबळेश्वर येथे मध संचालनालय आहे. शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण दिले जाते आणि साहित्यासाठी ५० टक्के अनुदान व ५० टक्के स्वतःची गुंतवणूक अशी रचना आहे. मधाच्या खरेदीची हमीही असते.

हिरडा, जांभूळ, कारवी यांचा फुलोरा जंगलात असतो तोवर पेट्या भरतात. म्हणजे ज्याच्याकडे पेट्या आहेत त्याला जंगल उभे राहणे फायद्याचे ठरते. स्ट्रॉबेरी व भाजीपाल्याच्या परागीभवनालाही मधमाश्यांचा उपयोग होतो. ज्या शेतकऱ्याकडे जमीन थोडी आणि डोंगर जवळ, त्याने सर्वांत आधी या योजनेची चौकशी करावी. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारायचेच झाले तर संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर फवारावे.

गावाची जमीन व देवराई

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते व गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. आपल्या देवराईत कोणती जुनी झाडे आहेत, गवा कोणत्या वाटेने उतरतो, कोणत्या ओढ्यात बारमाही पाणी आहे, हे या नोंदवहीत आले तर पुढे कोणत्याही योजनेच्या प्रस्तावाला तोच आधार होतो. ही माहिती जुन्या माणसांना असते. ती माणसे आहेत तोवर लिहून घ्यावी.

सातारा जिल्ह्यात २०२१ साली मायणी पक्षी संवर्धन राखीव व जोर-जांभळी संवर्धन राखीव अशी दोन क्षेत्रे जाहीर झाली. असे राखीव क्षेत्र शासकीय जमिनीवर असते. गावाच्या किंवा खासगी जमिनीवर, मालकांच्या संमतीने, 'समुदाय राखीव' करण्याचीही तरतूद वन्यजीव कायद्यात आहे. यात मालकी जात नाही. परंतु एकदा जाहीर झाल्यावर जमिनीचा वापर समितीच्या ठरावाशिवाय व राज्य शासनाच्या मान्यतेशिवाय बदलता येत नाही. म्हणून ग्रामसभेत पूर्ण चर्चा करून, बाहेरगावच्या खातेदारांनाही विचारून मगच ठराव करावा.

कास पठारावर स्थानिक गावांच्या समितीने पर्यटकांकडून शुल्क घेऊन पठाराची राखण व गावातील तरुणांना हंगामी काम, अशी घडी बसवली आहे. राखलेल्या निसर्गातून गावाला उत्पन्न होऊ शकते, हे दाखवणारे आपल्या दारचेच उदाहरण आहे.

दीड एकराचे नियोजन

समजा, आपल्याकडे डोंगराकडेला दीड एकर आहे. त्यात भात, नाचणी व थोडा हरभरा. वर्षाची आखणी अशी करता येईल :

चैत्र-वैशाख : सातबारा, संमतीपत्रे, ओळख क्रमांक तयार. बीटाच्या वनरक्षकाचे नाव व क्रमांक वहीत. ग्रामसभेत शेजाऱ्यांसह सलग सौर कुंपणाचा विषय.

ज्येष्ठ-आषाढ : वरच्या बांधावर करवंद व निरगुडी, हद्दीवर उंबर-करंज-जांभूळ. फळबागेचा अर्ज. विमा हप्त्याच्या अंतिम तारखेची चौकशी.

श्रावण-भाद्रपद : ई-पीक पाहणी पूर्ण. गणपतीला आलेल्या भाऊबंदांच्या सह्या. तारेखाली गवत कापणी.

आश्विन-कार्तिक : राखण. नुकसान झाल्यास त्याच दिवशी तक्रार.

मार्गशीर्ष-माघ : हरभऱ्यात पक्षीथांबे. मधमाशीपालन प्रशिक्षणाची चौकशी. वर्षभरात किती वेळा, कोणते जनावर, कोठून आले, याची नोंद.

ही शेवटची नोंद फार मोलाची आहे. तीन वर्षांची अशी वही ज्या गावाकडे आहे, त्या गावाचा कुंपणाचा प्रस्ताव कागदावर भक्कम उभा राहतो.

नेहमी होणाऱ्या चुका

१) मंजुरीपूर्वीच कुंपण किंवा रोपे खरेदी करणे. पूर्वसंमतीशिवाय केलेल्या खर्चावर बहुतेक योजनांत अनुदान मिळत नाही.

२) 'मी अनुदान मंजूर करून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देणे. या अर्जांना मध्यस्थ लागत नाही.

३) पोच न घेणे. पोच नसेल तर अपील नाही. प्रकरण कोठे अडले हे कळत नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये शुल्काचा अर्ज करता येतो.

४) नुकसान फुगवून सांगणे. एकाने चार गुंठ्यांचे चौदा केले की पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही संशयाने पाहिले जाते.

५) फासे, गावठी बॉम्ब, वीजतारा. गवा, बिबट्या, मोर हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या अडकला तरी गुन्हा फासे लावणाऱ्यावर येतो.

बंधू-भगिनींनो, भरपाईने सगळे नुकसान भरून येत नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. जागून काढलेल्या रात्रींचा हिशेब कोणत्याच अर्जात नसतो. परंतु वेळेवर दिलेली तक्रार, चालू असलेले कुंपण, राखलेला बांध आणि चार मधपेट्या एकत्र आल्या, तर डोंगराकडेचे वावर पडीक टाकण्याची पाळी येत नाही. ते वावर कसते राहिले तर घर गावात राहते, आणि घर गावात राहिले तर जंगलाची राखणही होते. यंदाच्या ग्रामसभेत हा विषय आपण मांडावा, आणि तोवर एक काम आजच करावे : आपल्या बीटाच्या वनरक्षकाचे नाव वहीत लिहून ठेवावे.